एका हंगामाचे अनेक निवाडे

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला चालू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याने संपतो. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन एनसीएए ही राष्ट्रीय संघटना करते. तिच्या पहिल्या श्रेणीतील साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे संघ या पाच महिन्यांत प्रत्येकी तीसेक सामने खेळतात आणि त्यांतून निवडलेले ६८ संघ मार्च महिन्यातील बाद पद्धतीच्या स्पर्धेत उतरतात. संघांपुरता निकाल ही स्पर्धा लावून टाकते, कारण शेवटचा सामना जिंकणारा संघ विजेता याबद्दल वाद उरत नाही. हजारो खेळाडूंमधून त्या वर्षीचा सर्वोत्तम कोण, हा प्रश्न मात्र कोणत्याही मैदानावर सुटत नाही. त्याचे उत्तर मतदानाने द्यावे लागते, आणि ते एकाच हंगामासाठी अनेक संस्था आपापल्या पद्धतीने देत आल्या आहेत.

या उत्तरांना एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी महाविद्यालयीन खेळाचे तेथील स्थान आधी लक्षात घ्यावे लागते. केंटकी, कॅन्सस, आयोवा यांसारख्या राज्यांत एनबीए या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. तेथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ असतो, त्याच्या सामन्यांना हजारो प्रेक्षक भरतात आणि पदवी घेऊन दशके लोटल्यावरही माजी विद्यार्थी त्याच्याशी निष्ठा राखून असतात. खेळाडू येतात, फार तर चार-पाच वर्षे खेळतात आणि निघून जातात. संघ व विद्यापीठ मात्र राहते. अशा सतत बदलणाऱ्या खेळात कोणाला लक्षात ठेवायचे हे ठरवण्याचे काम वार्षिक पुरस्कारांनी केले आहे. त्यांच्या याद्या म्हणजे या खेळाची लिखित स्मृती होय, आणि ती स्मृती कोणी लिहिली, केव्हा लिहिली व लिहिताना कोणाकडे पाहिलेच नाही, हे ठाऊक असेल तरच ती नीट वाचता येते.

मागे जाऊन केलेल्या निवडी

बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे जन्माला आला. वायएमसीए या संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयातील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त जागेत खेळता यावे म्हणून तेरा नियम लिहून काढले आणि पीच या फळांच्या टोपल्या भिंतीवरच्या सज्जाला ठोकून पहिला सामना खेळवला. पुढे १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. पुरस्कारांची कल्पना मात्र खेळाच्या पहिल्या चार दशकांत कोणी राष्ट्रीय पातळीवर राबवली नव्हती. देशाच्या एका टोकाचे संघ दुसऱ्या टोकाच्या संघांशी क्वचितच खेळत, आणि एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धादेखील १९३९ मध्ये, अवघ्या आठ संघांनिशी सुरू झाली.

ही उणीव लॉस एंजेलिस येथे १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेल्म्स अ‍ॅथलेटिक फाउंडेशनने एका वेगळ्या मार्गाने भरून काढली. या संस्थेने जुनी वृत्तपत्रे आणि नोंदी तपासून १९०५ पासूनच्या प्रत्येक हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू मागाहून जाहीर केला. त्यामुळे विस्कॉन्सिन विद्यापीठाचा ख्रिस स्टाइनमेट्झ हा यादीतील पहिला मानकरी ठरला, तर १९३२ च्या हंगामासाठी पर्ड्यू विद्यापीठाच्या जॉन वूडन यांचे नाव नोंदले गेले. स्टॅनफर्डचा हँक लुईसेट्टी याचे नाव १९३७ आणि १९३८ अशा दोन हंगामांसमोर आहे. त्या काळी बहुतेक खेळाडू दोन्ही पायांवर स्थिर उभे राहून दोन्ही हातांनी चेंडू फेकत असत. लुईसेट्टीने धावता धावता एका हाताने चेंडू टाकण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि जानेवारी १९३८ मध्ये एकाच सामन्यात ५० गुण मिळवले. हेल्म्सच्या जुन्या निवडी अर्थातच प्रत्यक्ष पाहिलेल्या खेळावर आधारलेल्या नव्हत्या. ज्या संघांच्या बातम्या छापल्या गेल्या आणि जपल्या गेल्या, त्यांचेच खेळाडू या यादीत येऊ शकत होते.

पत्रकार, प्रशिक्षक आणि क्लब

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास खेळाडूंची निवड हंगाम संपताच होऊ लागली. स्पोर्टिंग न्यूज या क्रीडाविषयक नियतकालिकाने १९४३ मध्ये पहिला पुरस्कार दिला. युनायटेड प्रेस, म्हणजे पुढे यूपीआय या नावाने ओळखली गेलेली वृत्तसंस्था, हिने १९५५ मध्ये आपला पुरस्कार सुरू केला आणि तो चार दशके चालला. बास्केटबॉलचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५९ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या ऑस्कर रॉबर्टसन यांची निवड करून आपल्या परंपरेचा आरंभ केला; १९९८ पासून हा पुरस्कार रॉबर्टसन यांच्याच नावाने दिला जातो. असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, या वृत्तसंस्थेचा पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला आणि त्याचा पहिला मानकरी ओहायो स्टेट विद्यापीठाचा जेरी लुकास होता.

यानंतर सुरू झालेल्या पुरस्कारांमागे वृत्तसंस्थांखेरीज इतर संस्था उभ्या राहिल्या. अटलांटा टिपऑफ क्लबने १९६९ पासून खेळाच्या जनकाच्या नावाने नेस्मिथ पुरस्कार सुरू केला आणि पहिल्या वर्षी तो यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा लू अल्सिंडर, याला मिळाला. हाच खेळाडू पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगप्रसिद्ध झाला. प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या डेव्हिड थॉम्पसनपासून आपली यादी चालू केली. लॉस एंजेलिस अ‍ॅथलेटिक क्लबने १९७७ मध्ये जॉन वूडन यांच्या नावाने पुरस्कार ठेवला आणि तो प्रथम यूसीएलएचाच मार्केस जॉन्सन याने मिळवला. हेल्म्सच्या यादीत १९३२ चे मानकरी असलेले हेच वूडन पुढे यूसीएलएचे प्रशिक्षक झाले आणि १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत त्यांच्या संघाने दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली.

प्रत्येक पुरस्काराला त्याच्या संस्थेचा स्वभाव चिकटलेला आहे. प्रशिक्षकांचे मत प्रतिस्पर्धी म्हणून खेळाडूला रोखण्याच्या अनुभवातून येते, तर पत्रकारांचे मत अनेक संघ पाहून केलेल्या तुलनेतून येते. वूडन पुरस्काराने तर सुरुवातीपासून शिक्षकाची भूमिका घेतली. त्याच्या सन्मानचिन्हावर पाच आकृत्या आहेत आणि त्या बास्केटबॉलमधील पाच कौशल्ये दाखवतात: चेंडू बास्केटमध्ये टाकणे, सहकाऱ्याला पास देणे, जमिनीवर टप्पे देत चेंडू पुढे नेणे, म्हणजे ड्रिबलिंग, हुकलेला चेंडू झेलणे, म्हणजे रिबाउंड, आणि बचाव. शिवाय उमेदवाराचे वर्तन चांगले असावे, पदवीच्या दिशेने त्याची प्रगती चालू असावी आणि अभ्यासात त्याने किमान श्रेणी राखलेली असावी, अशा अटी या पुरस्काराला आहेत. महाविद्यालयीन खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे, या तत्त्वाचा इतका स्पष्ट उच्चार अन्य कोणत्याही प्रमुख पुरस्कारात आढळत नाही.

मत कसे बनते

नेस्मिथ आणि वूडन पुरस्कारांची प्रक्रिया हंगामाच्या आधीच सुरू होते. संभाव्य मानकऱ्यांची सुमारे पन्नास नावांची यादी जाहीर होते, हिवाळ्यात ती आखूड केली जाते आणि मार्चपर्यंत मोजके अंतिम उमेदवार उरतात. या याद्या अखेरच्या निर्णयाला बांधून घालत नाहीत, परंतु कोणाच्या सामन्यांकडे लक्ष द्यायचे हे त्या बऱ्याच अंशी ठरवतात. साडेतीनशे संघांचे सर्व सामने पाहणे कोणाही मतदाराला शक्य नसते. म्हणून मोठ्या विद्यापीठांच्या, वारंवार दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या खेळाडूंना स्वाभाविक लाभ होतो, आणि लहान विद्यापीठाच्या खेळाडूला आपला संघ जवळजवळ अपराजित ठेवून दाखवावा लागतो. इंडियाना स्टेटच्या लॅरी बर्डने १९७९ मध्ये नेमके तेच केले. पूर्वी एकदाही राष्ट्रीय स्पर्धेत न पोहोचलेल्या आपल्या विद्यापीठाला त्याने एकही पराभव न होऊ देता अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि त्या वर्षीचे प्रमुख पुरस्कार मिळवले. अंतिम सामना मात्र मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने जिंकला. सेंट जोसेफ्सच्या जमीर नेल्सनने २००४ मध्ये आणि डेटन विद्यापीठाच्या ओबी टॉपिनने २०२० मध्ये याच वाटेने मोठ्या विद्यापीठांच्या खेळाडूंना मागे टाकले.

मतदान केव्हा होते, यालाही तितकेच महत्त्व आहे. एपीचे मतदार, म्हणजे दर आठवड्याला पहिल्या पंचवीस संघांची क्रमवारी लावणारे पत्रकार, राष्ट्रीय स्पर्धेपूर्वी आपली मते देतात. वूडन पुरस्काराच्या मतदारांना स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्याही विचारात घेता येतात. त्यामुळे अखेरच्या तीन आठवड्यांत घडलेले पराक्रम या पुरस्कारांत फारसे उतरत नाहीत. त्यांच्यासाठी स्पर्धेच्या अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडूचा वेगळा सन्मान आहे. वर्षाचा खेळाडू ठरवताना हंगामभर टिकवलेले सातत्य मोजले जाते, तर स्पर्धेत एखाद्या रात्रीच्या खेळाने सारे पारडे फिरू शकते. पर्ड्यूचा सात फूट चार इंच उंचीचा झॅक एडी हा २०२३ मध्ये सर्व प्रमुख पुरस्कारांचा मानकरी ठरला, पण त्याच वर्षी सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला पहिल्याच फेरीत ६३–५८ असे हरवले. पुढच्या वर्षी एडीने पर्ड्यूला अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि लागोपाठ दुसऱ्यांदा नेस्मिथ पुरस्कार मिळवला. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या राल्फ सॅम्पसनने १९८१ ते १९८३ अशी सलग तीन वर्षे तो मिळवल्यानंतर चार दशके पुरुष गटात कोणालाही हा मान दुसऱ्यांदा मिळवता आला नव्हता. योगायोग असा की सॅम्पसनची उंचीही सात फूट चार इंच होती आणि त्यालाही राष्ट्रीय अजिंक्यपद कधी लाभले नाही.

संघाचे यश आणि व्यक्तीचे श्रेष्ठत्व यांचे नाते किती गुंतागुंतीचे आहे, हे रॉबर्टसन व लुकास यांच्या वाट्याला आलेल्या निकालांतून दिसते. रॉबर्टसन यांनी तीन हंगामांत प्रत्येक सामन्यामागे सरासरी ३३.८ गुण मिळवले आणि तिन्ही वेळा देशात सर्वाधिक सरासरी राखली, तरीही त्यांच्या काळात सिनसिनाटीला अजिंक्यपद मिळाले नाही. ते पदवी घेऊन गेल्यानंतर लगेचच्या दोन वर्षांत, म्हणजे १९६१ आणि १९६२ मध्ये, सिनसिनाटीने ते जिंकले, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत हरवले ते एपीच्या त्या दोन वर्षांच्या मानकऱ्याला, म्हणजे लुकासच्या ओहायो स्टेटला. पाच जणांच्या संघात एक खेळाडू कितीही थोर असला तरी निकालाचा तो एकटा धनी नसतो, हे मतदारांनी तेव्हा मान्य केले होते, आणि आजही त्यांना ते दरवर्षी नव्याने मान्य करावे लागते.

मते विभागली जातात तेव्हा श्रेष्ठत्वाच्या भिन्न कल्पना समोरासमोर येतात. १९५७ मध्ये युनायटेड प्रेसचा पुरस्कार कोलंबिया विद्यापीठाच्या चेट फोर्टे या पाच फूट नऊ इंच उंचीच्या खेळाडूला मिळाला, तर हेल्म्सने नॉर्थ कॅरोलायनाच्या लेनी रोझेनब्लूथची निवड केली. कॅन्ससचा सात फुटी विल्ट चेंबरलेन, जो पुढे खेळाच्या इतिहासातील सर्वांत प्रभावी खेळाडूंपैकी एक ठरला, या दोन्ही वेळी मागे राहिला. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात रोझेनब्लूथच्या संघाने चेंबरलेनच्या संघाला तीन जादा डावांनंतर ५४–५३ असे हरवले होते. १९८८ मध्ये एपीने सामन्यामागे छत्तीसहून अधिक गुण मिळवणाऱ्या ब्रॅडली विद्यापीठाच्या हर्सी हॉकिन्सची निवड केली. नेस्मिथ आणि वूडन पुरस्कार मात्र कॅन्ससच्या डॅनी मॅनिंगला गेले. सहाव्या मानांकनाच्या कॅन्ससला मॅनिंगने अजिंक्यपद मिळवून दिले आणि अंतिम सामन्यात स्वतः ३१ गुण व १८ रिबाउंड नोंदवले. असा मतभेद पुरस्कारांच्या व्यवस्थेतील दोष म्हणता येणार नाही. एकाच संस्थेचा निवाडा प्रमाण मानला गेला असता, तर हॉकिन्स किंवा मॅनिंग यांपैकी एकाचा हंगाम इतिहासाच्या तळटीपेत गेला असता.

उशिरा उघडलेली दारे

मतदारांच्या दृष्टीला समाजाच्या मर्यादाही होत्या. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या बिल रसेलने आपल्या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले, पण उत्तर कॅलिफोर्निया या त्याच्याच प्रदेशाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सांता क्लारा विद्यापीठाच्या केनी सियर्स या गोऱ्या खेळाडूची निवड झाली. अर्थात रसेलला पुढच्या वर्षी राष्ट्रीय सन्मान मिळाला. रॉबर्टसन देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरले त्याच काळात, दक्षिणेकडील सामन्यांच्या वेळी काही ठिकाणी त्यांना गोऱ्या सहकाऱ्यांसोबत हॉटेलात उतरू दिले जात नव्हते. अमेरिकेतील संघ प्रादेशिक गटांत विभागलेले असतात. त्या गटांना कॉन्फरन्स म्हणतात आणि प्रत्येक कॉन्फरन्स आपला सर्वोत्तम खेळाडूही निवडते. दक्षिणेतील अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये १९६९ साली नॉर्थ कॅरोलायनाचा चार्ली स्कॉट, जो त्या विद्यापीठाचा शिष्यवृत्ती मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता, हा सर्वोत्तम ठरेल अशी अपेक्षा असताना तो सन्मान साउथ कॅरोलायनाच्या जॉन रोश याला मिळाला. रोश गुणी खेळाडू होता, पण काही मतदारांनी स्कॉटला कॉन्फरन्सच्या पहिल्या संघातही स्थान दिले नव्हते. मतपत्रिका गुप्त असली तरी तिच्यातला पूर्वग्रह असा उघडा पडतो, आणि म्हणून त्या वर्षांच्या याद्या वाचताना त्यांत नसलेली नावेही शोधावी लागतात.

स्त्रियांच्या खेळाला तर मुळात यादीच नव्हती. शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावाला मनाई करणारा टायटल नाइन हा कायदा १९७२ मध्ये झाला, त्यानंतर विद्यापीठांना मुलींच्या संघांसाठी शिष्यवृत्त्या आणि सोयी द्याव्या लागल्या. त्या काळी स्त्रियांच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना भरवत असे. मिसिसिपीतील डेल्टा स्टेट विद्यापीठाच्या प्रशिक्षक मार्गारेट वेड यांच्या संघाने १९७५ ते १९७७ अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकली आणि त्यांच्या नावाने १९७८ मध्ये वेड ट्रॉफी सुरू झाली. तिची पहिली मानकरी माँटक्लेअर स्टेटची कॅरल ब्लेझजोव्स्की होती. तिने १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ५२ गुण मिळवले होते, आणि तेही तीन गुणांच्या बास्केटचा नियम नसलेल्या काळात. एनसीएएने स्त्रियांची स्पर्धा १९८२ मध्ये आपल्याकडे घेतली, नेस्मिथ पुरस्कार १९८३ मध्ये स्त्रियांसाठी खुला झाला आणि १९८४ पासून सलग तीन वर्षे तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शेरिल मिलरने मिळवला. एपीने मात्र पुरुषांनंतर ३४ वर्षांनी, १९९५ मध्ये, आणि वूडन पुरस्काराने २७ वर्षांनी, २००४ मध्ये स्त्रियांची दखल घेतली.

या विलंबाचा परिणाम विक्रमांच्या वह्यांवरही झाला. कॅन्ससची लिनेट वुडर्ड हिने १९८१ पर्यंतच्या चार हंगामांत ३,६४९ गुण मिळवले आणि त्या वर्षीची वेड ट्रॉफी पटकावली. पण ते गुण एआयएडब्ल्यूच्या काळातले असल्याने एनसीएएच्या विक्रमांत त्यांना स्थान मिळाले नाही. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने २०२४ मध्ये आधी केल्सी प्लमचा ३,५२७ गुणांचा एनसीएए विक्रम, मग वुडर्डचा आकडा आणि त्यानंतर पुरुषांमधील पीट माराविचचा ३,६६७ गुणांचा विक्रम ओलांडला, तेव्हा वुडर्डचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. क्लार्कने ३,९५१ गुणांवर महाविद्यालयीन कारकीर्द संपवली, २०२३ व २०२४ अशी दोन्ही वर्षे प्रमुख पुरस्कार मिळवले, आणि तिच्या अखेरच्या सामन्याला, म्हणजे साउथ कॅरोलायनाविरुद्धच्या अंतिम लढतीला, अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून अधिक दूरचित्रवाणी प्रेक्षक लाभले. पुरुषांच्या त्या वर्षीच्या अंतिम सामन्याचे प्रेक्षक त्यापेक्षा कमी होते. ज्या खेळाला एकेकाळी पुरस्कारापुरतीही जागा नव्हती, त्याच्या मानकरी खेळाडूंची नावे आज घरोघरी माहीत आहेत.

पहिल्याच वर्षाचे मानकरी

याद्यांमधील नावांचे वयही नियमांनुसार बदलत गेले आहे. १९७२ पर्यंत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. अभ्यासात आणि नव्या वातावरणात रुळण्यासाठी त्याला एक वर्ष द्यावे, असा त्यामागचा विचार होता. अल्सिंडर किंवा यूसीएलएचा बिल वॉल्टन यांना त्यामुळे तीनच हंगाम मिळाले, आणि वॉल्टनने १९७२ ते १९७४ हे तिन्ही हंगाम नेस्मिथ पुरस्काराने सजवले. १९७२–७३ पासून ही बंदी उठली, तरी मोठे सन्मान बहुधा शेवटच्या दोन वर्षांतील मुरलेल्या खेळाडूंनाच जात राहिले.

पुढे असामान्य गुणवत्तेची मुले महाविद्यालय टाळून शाळेतून थेट एनबीएकडे जाऊ लागली. केव्हिन गार्नेट, कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स यांची नावे महाविद्यालयीन पुरस्कारांच्या याद्यांत त्याच कारणाने नाहीत. व्यावसायिक संघ नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करतात त्या वार्षिक प्रक्रियेला ड्राफ्ट म्हणतात. २००६ च्या ड्राफ्टपासून एनबीएने असा नियम केला की अमेरिकी खेळाडूचे वय त्या वर्षी किमान १९ असावे आणि शाळा सोडून त्याला एक वर्ष झालेले असावे. मधले हे वर्ष बहुतेकांनी महाविद्यालयात घालवले आणि पुरस्कारांचे चित्र लगेच पालटले. टेक्सास विद्यापीठाचा केव्हिन ड्युरंट २००७ मध्ये एपीचा पहिला प्रथम वर्षातील मानकरी ठरला. त्याच्यामागून केंटकीचा अँथनी डेव्हिस २०१२ मध्ये, ड्यूक विद्यापीठाचा झायन विल्यमसन २०१९ मध्ये आणि ड्यूकचाच कूपर फ्लॅग २०२५ मध्ये या पंगतीत बसला. चौघांनीही त्या एका हंगामानंतर महाविद्यालय सोडले आणि चौघेही ड्राफ्टमध्ये पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकाने निवडले गेले.

असे असले तरी हा पुरस्कार व्यावसायिक यशाचे भाकीत मानता येत नाही. मायकेल जॉर्डन, डेव्हिड रॉबिन्सन, टिम डंकन यांच्या नावांशेजारीच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या जिमर फ्रेडेटचे नाव आहे. २०११ मध्ये त्याने देशात सर्वाधिक सरासरीने गुण मिळवले. एनबीएमध्ये तो स्थिरावू शकला नाही, पण चीनमधील लीगमध्ये त्याने मोठे नाव कमावले. महाविद्यालयीन खेळाचा वेग, बचावाच्या पद्धती आणि सामन्याची लांबी व्यावसायिक खेळापेक्षा वेगळी असते. त्या चौकटीत जो सर्वश्रेष्ठ ठरला त्याचा सन्मान त्या चौकटीपुरता पूर्ण आणि खरा आहे, पुढच्या कारकिर्दीने तो वाढत नाही की उणावत नाही.

नाव खेळाडूचे, उत्पन्न कोणाचे

या पुरस्कारांच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी घटना मैदानाबाहेर घडली, आणि तिच्या केंद्रस्थानी एक मानकरीच होते. यूसीएलएचे एड ओबॅनन यांना १९९५ मध्ये वूडन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी आर्कान्सासविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३० गुण व १७ रिबाउंड नोंदवून त्यांनी संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. कारकीर्द संपल्यानंतर, लास वेगासमध्ये मोटारविक्रीच्या व्यवसायात काम करत असताना, आपल्या जुन्या संघावर आधारलेल्या एका व्हिडिओ गेममध्ये आपलेच रूप, आपलाच क्रमांक आणि आपलीच खेळण्याची ढब असलेला खेळाडू त्यांनी पाहिला. त्यासाठी त्यांची ना परवानगी घेतली गेली होती, ना त्यांना काही मोबदला मिळाला होता. २००९ मध्ये त्यांनी एनसीएएवर दावा दाखल केला. पुढे ऑस्कर रॉबर्टसन हेही त्यात वादी झाले. रॉबर्टसन यांचे नाव तर पत्रकारांच्या पुरस्कारालाच दिलेले आहे, आणि १९७० मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या हक्कांसाठी एनबीएविरुद्धच्या खटल्याचे नेतृत्वही त्यांनीच केले होते.

महाविद्यालयीन खेळाडू हौशी विद्यार्थी आहे, त्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही देऊ नये, ही एनसीएएची भूमिका दशकानुदशके चालत आली होती. त्याच काळात दूरचित्रवाणी हक्क, तिकिटे आणि खेळाडूंच्या क्रमांकाचे सदरे यांतून विद्यापीठे व संघटना मोठे उत्पन्न मिळवत होत्या. ओबॅनन यांच्या बाजूने २०१४ मध्ये न्यायालयाचा निकाल लागला, २०२१ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएविरुद्ध निर्णय दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव, प्रतिमा व व्यक्तिमत्त्व यांच्या व्यापारी वापरातून उत्पन्न मिळवण्याची मोकळीक मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार आता विद्यापीठे आपल्या उत्पन्नाचा वाटा खेळाडूंना थेट देऊ शकतात.

या बदलाने पुरस्काराचा अर्थही बदलला. पूर्वी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या विद्यार्थ्याच्या हाती सन्मानचिन्ह येत असे. आता त्याच सन्मानाने त्याचे जाहिरातमूल्य वाढते. त्याचबरोबर अनेक खेळाडूंना व्यावसायिक होण्याची घाई उरली नाही. परदेशी विद्यार्थ्यांना मात्र ही मोकळीक पूर्णपणे लाभलेली नाही, कारण विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत काम करून पैसे मिळवण्यावर कडक निर्बंध आहेत. २०२२ चा मानकरी, केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शिब्वे, हा काँगोचा नागरिक आणि त्याच्यानंतरचा मानकरी एडी हा कॅनडाचा. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू असूनही आपल्या अमेरिकी सहकाऱ्यांना खुली असलेली कमाई त्यांना तशी करता येत नव्हती, आणि शिब्वेने तर संघाच्या बहामाजमधील दौऱ्यात, म्हणजे अमेरिकेबाहेर, व्यापारी करारांची कामे उरकली.

नव्वद वर्षांच्या या परंपरेत सर्वोत्तम खेळाडू कोण याचे निर्विवाद उत्तर कधी मिळाले नाही, आणि मिळण्याची गरजही नाही. विद्यार्थ्याची श्रेणी तपासणारा क्लब, दर आठवड्याला क्रमवारी लावणारे पत्रकार आणि त्या खेळाडूला रोखण्यासाठी रात्रभर डावपेच आखणारे प्रशिक्षक यांची मते एकाच नावावर येतात, तेव्हा त्या हंगामाबद्दल शंका उरत नाही. ती वेगळी होतात, तेव्हा खेळाडूत नेमके काय मोलाचे मानायचे याचा वाद खुला राहतो आणि तो वाद खेळाला जिवंत ठेवतो. रसेल, स्कॉट आणि वुडर्ड यांच्या बाबतीत जे घडले त्यावरून इतके निश्चित कळते की मतदारांचे वर्तुळ जितके विस्तारते आणि त्यांची नजर जितकी दूरवर पोहोचते, तितकी यादी खरी होत जाते. पुढच्या प्रत्येक हंगामाच्या मतपत्रिकांकडून त्याच न्यायाची अपेक्षा ठेवणे रास्त आहे.